मदत हवी आहे: बंद स्वयंपाकघरातला गॅसस्फोट, दाब थेट ८ बारवर!

मंडळी, एम.टेक.च्या प्रकल्पासाठी गॅसगळतीनंतरच्या भडक्याचं प्रारूप करतोय. खिडकी किती मोठी असली तर भिंत वाचेल, एवढंच काढायचंय. खोली ३ × ३ × ३ मीटर, ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमधला झायफोम सॉल्व्हर (आधीच मिसळलेल्या वायूचं ज्वलन सोडवणारा), एलपीजीऐवजी शुद्ध प्रोपेन, हवेत ४ टक्के, सगळीकडे सारखं मिसळलेलं. ठिणगी मधोमध.

दाब चढत चढत ८ बारच्या वर जातो (१ बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब). मेश (गणितासाठी खोलीचे पाडलेले छोटे तुकडे) दुप्पट बारीक केला, टाइमस्टेप (गणितातला काळाचा टप्पा) कमी केला, आकडा ढिम्म हलत नाही. गाईड म्हणतात, "मेश बघ." तीन आठवडे मेशच बघतोय.

बॉयलरवाला: मेश सोड, आकडा बरोबर आहे. या प्रमाणातलं प्रोपेन बंद भांड्यात जळलं की दाब मूळच्या आठ-नऊपट होतोच. हे ऊर्जेचं गणित आहे. तुझी खोली म्हणजे शिटी नसलेला कुकर झालाय. खिडकीला 'वॉल' (न फुटणारी बंद भिंत) दिलंयस ना? साधी काच काही किलोपास्कललाच फुटते, म्हणजे तुझ्या आकड्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा. लंडनच्या रोनन पॉइंटचं वाच: १९६८, अठराव्या मजल्यावर गॅसस्फोट, भारवाहक भिंत बाहेर ढकलली गेली आणि २२ मजली इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला. त्याला ८ बार लागले नव्हते.

धागाकर्ता: हो, वॉलच दिलंय 🤦 मग खिडकी सुरुवातीपासून उघडीच ठेवू?

बॉयलरवाला: नको, दाबाचं पहिलं शिखर हातचं जाईल. काच फुटेपर्यंत दाब साठतो, फुटली की उतरतो. मग न जळलेलं मिश्रण बाहेर फेकलं जातं, मागून ज्वाळा येऊन ते पेटवते आणि दुसरं शिखर येतं. खिडकीच्या जागी ठरावीक दाबाला उघडणारा बॅफल (पातळ पडदा) लाव, बाहेरही मेश घे.

सुगरण_अभियंता: एक शंका. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. 'सगळीकडे ४ टक्के' म्हणजे जवळपास दोन किलो गॅस नीट ढवळलेला! निदान एक केस थरांची कर.

धागाकर्ता: बॅफल लावला, पहिलं शिखर आलं! दुसरं मात्र दिसत नाही. बाहेरचा मेश खिडकीपासून १ मीटरपर्यंतच आहे.

बॉयलरवाला: ज्वाळा डोमेनबाहेर (मेशच्या हद्दीबाहेर) गेल्यावर दिसणार कशी? वाढव. आणि कडेला वेव्हट्रान्समिसिव्ह (दाबाची लाट बाहेर जाऊ देणारी सीमा) दे, नाहीतर आपटून परत आलेली लाटच दुसरं शिखर समजून बसशील.