वाड्यातल्या जुन्या वस्तू विकायच्यात. सोलापुरात ना दुकान उरलं ना तोंडी लिलाव, करायचं काय?

कौलारू

नमस्कार मंडळी. बाळीवेशीकडचा एक वाडा दोन महिन्यांत पाडकामाला जाणार आहे. आतल्या सामानाची यादी: तांब्याचा बंब १, घंगाळं २, पितळी डबे पंधराएक, समया ४, देवघरातले टाक आणि धातूच्या २ मूर्ती, नक्षीचं सागवानी दार चौकटीसकट, लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ (तबकडीवर आठ टोकांचा तारा), चांदीचे रुपये ३०-३५, मोडी लिपीतल्या कागदांचा गठ्ठा, हरणाच्या शिंगांची जोडी, आणि एका पेटीत कापड मिलमधले, विणकामाच्या मागावरचे धोटे नि कांड्या.

भंगारवाला सरसकट किलोवर मागतोय. पाडकामाचा ठेकेदार म्हणतो, "सगळं मीच उचलतो, एक रक्कम सांगा." जुन्या वस्तूंचं दुकान म्हणावं असं शहरात सापडत नाही, आणि घरगुती सामानाचा लिलाव कुणी पुकारत नाही. तर (१) काय मोडीत द्यावं, काय नाही? (२) कायद्याची अडचण कशाकशाला? (३) घरच्या घरी लिलाव करता येतो का?

तांब्यापितळ

ठेकेदाराला हो म्हणू नका, निदान पंधरा दिवस तरी. एक रक्कम सांगणारा माणूस दाराचे पैसे देतो आणि बाकीचं फुकट नेतो.

दुकानं का गेली ते आधी समजून घ्या, कारण त्यांचं काम आता तुम्हालाच करायचंय. दुकानदार तीन गोष्टी करायचा: माल निवडायचा, तुटलेल्याला जोड शोधायचा, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचा. यातलं थांबणं परवडेनासं झालं. एकेका घंगाळात वर्ष-दोन वर्षं पैसा अडकणार, पेठेतलं भाडं मात्र दर महिन्याला भरायचं. त्यात तांब्याचा भाव चढला की मोडीची रक्कम आणि दुकानदार देऊ शकेल ती रक्कम यांत फारसा फरक राहत नाही. मग सामान विकणारा रोख देणाऱ्या भंगारवाल्याच्या काट्यावर जातो. गिऱ्हाईकही बदललंय. हॉटेलची सजावट करणारे आणि संग्राहक आता व्हॉट्सअॅप गटांवर फोटो बघून घेतात, दुकानाची पायरी चढत नाहीत.

म्हणून आधी निवड करा. चेपलेलं, भोक पडलेलं, झाकण हरवलेलं, मशीनवर बनलेलं सगळं खुशाल मोडीत द्या. मशीनचं भांडं ओळखायचं कसं? आत बोट फिरवा. सारख्या अंतराच्या गोल रेघा लागल्या आणि कुठेच सांधा नसेल, तर ते यंत्रावर ओढलेलं. हातच्या भांड्यावर मठारलेल्याचे बारीक ठसे असतात, एकसारखे नसलेले, आणि बाजूला किंवा बुडाशी दातेरी झाळ दिसते, करवतीचे दाते एकमेकांत अडकवल्यासारखी. अशी भांडी बाजूला काढा.

बंबाला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण पैसे त्यातच आहेत. बाहेरचं पिंप, मधली विस्तवाची नळी, खालची जाळी, तोटी, वरची टोपी, हे पाचही भाग जागेवर आहेत का बघा. जाळी आणि टोपी बहुतेक वेळा माळ्यावर किंवा कोळशाच्या खोलीत पडलेली असते, तिथे शोधा. मग पाणी भरून खाली कोरडा कागद अंथरा आणि रात्रभर ठेवा. गळती बहुधा मधल्या नळीच्या बुडाशी निघते, कारण विस्तव तिथेच लागतो. गळत असेल तर तसं सांगून विका. एम-सील लावून झाकू नका. एम-सील दिसलं की घेणारा "आणखी काय लपवलंय" म्हणून निम्म्यावर येतो.

आणि चिंच, पितांबरी, लिंबू, काही काही लावायचं नाही! शंभर वर्षांचा रंग अर्ध्या तासात जातो. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा, पुरे. अपवाद एकच: पोपटी, पिठासारखे ठिपके दिसले तर तो धातूचा रोग आहे, क्षारामुळे होतो आणि ओलसर हवेत पसरत जातो. ती वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा.

किलोचा भाव विचारताना तांबं, पितळ, कासं वेगळं तोलायला सांगा. समईच्या पोकळ बुडात कधी कधी लाख किंवा माती भरलेली असते. भंगारवाला ती वजा धरतो, तेव्हा किती धरतो ते समोर ठरवून घ्या.

मोडीवाचक

दुसऱ्या प्रश्नावर. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यात पुरावस्तू म्हणजे किमान १०० वर्षं जुनी वस्तू. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना मात्र ७५ वर्षंच पुरतात. दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत यांच्या मूर्ती, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक वर्गांची नोंदणी करावी लागते. तुमच्या यादीत तो प्रश्न दोन मूर्तींचा आहे. शंभरी गाठली असावी असा संशय असेल तर चारही बाजूंचे फोटो, उंची आणि वजन लिहून पुरावस्तूंच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे जा. नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावं लागतं. परवाना लागतो तो पुरावस्तू विक्रीचा धंदा करणाऱ्याला. देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला परवानगीच नाही, तेव्हा "दुबईचं गिऱ्हाईक आहे" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. बंब, डबे, घड्याळ यांच्याबाबत घाबरायचं कारण नाही.

शिंगं विक्रीच्या यादीतून आजच काढा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार बंद आहे. फोटोसुद्धा गटावर टाकू नका, वन विभागाच्या कार्यालयात विचारा. हस्तिदंताच्या फण्या, डब्या निघाल्या तरी तेच.

पाडकामाच्या वेळी लोक एक गोष्ट हमखास विसरतात. भिंतीत किंवा जोत्यात लपवलेला पैसा-दागिना निघाला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. त्यात जमिनीला जोडलेलं बांधकामही येतं, आणि १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. ठेकेदाराच्या करारपत्रात तसं कलम घाला, नाहीतर हंडा निघाला की नाही हे तुम्हाला कळणारच नाही.

मोडी गठ्ठा विकण्याआधी वाचून घ्या. त्यात खरेदीखतं, वाटणीपत्रं असली तर ती घरात राहू द्या. ब्रिटिशांनी सोलापुरात लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी अंमलाच्या) वेळचं पत्रक, हुकूम, वर्तमानपत्र असं काही निघालं तर ते ७५ वर्षांच्या हिशेबात बसतं आणि सोलापूरच्या दृष्टीनं मोलाचंही आहे. ते किलोवर कसलं देताय! पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी बोला. तोवर सेलोटेप, स्टेपल, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. सुती कापडात बांधून जमिनीपासून वर ठेवा.

लंबक

आठ टोकांचा तारा म्हणजे युंगहान्स, जर्मन कंपनी. पण तबकडीवर विसंबू नका, ती बदललेली असू शकते. आतल्या यंत्राच्या मागच्या पत्र्यावर तोच ठसा आहे का बघा. हलवण्याआधी लंबक काढून वेगळा गुंडाळा. तो लटकत राहिला तर वरची पातळ पट्टी वळते आणि घड्याळ चालत नाही. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, चिकटतं. सरळ टांगा, किल्ली द्या, टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं ऐकू येतंय का पाहा, २४ तास चालू दे. चालत्या घड्याळाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा बरा.

रुपयांसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. जुना रुपया ११.६६ ग्रॅम, चांदी साडेएक्याण्णव टक्क्यांच्या वर. १९४० ते ४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. सोनाराकडे एकत्र दिलेत तर तो सगळ्यांना खालचाच भाव लावणार, म्हणून सालवार वेगळे करा. रामदरबार किंवा हनुमान असलेलं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं निघालं तर ते नाणं नाही, नंतर पाडलेलं टोकन आहे. लाखोंच्या गप्पा ऐकू नका.

बोलीवाला

लिलावाचं सांगतो. आपल्या बाजार समितीत कांद्याचा सौदा अजून ढिगापाशी उभं राहून होतो, कारण कांदा हातात घेऊन बघावा लागतो. जुन्या वस्तूचंही तसंच आहे, पण तिचा लिलाव गेला ऑनलाइन. सरकारी भंगार, जप्तीचा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीसारख्यांच्या ई-लिलावात लॉटने जातो, अट "जिथे आहे तिथे, जसं आहे तसं". लॉट वजनाचा असतो, घेणारा वजनाचाच विचार करतो, आणि त्यात धोटाही लोखंडाबरोबर भंगारात जातो.

घरात लिलाव होतो. तीस-पस्तीस लॉट बेताचे. तासा-दीड तासात उरकतात. आठवडाभर आधी क्रमांक, माप, वजन आणि दोष लिहिलेली यादी पाठवा, आदल्या दिवशी माल बघायला खुला ठेवा. बोली लावणाऱ्याकडून ₹२,००० अनामत घ्या, त्यानं काही विकत न घेतल्यास परत. प्रत्येक लॉटची हातची किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) आधी पाकिटात लिहून ठेवा. ती मोडीच्या रकमेपेक्षा कमी नको, म्हणजे मोड निघाली ₹३,००० तर हातची ₹३,३०० तरी. ₹५,००० पर्यंत वाढ ₹२०० ची, पुढे ₹५०० ची. बंब पहिला पुकारू नका. आधी दोन-चार किरकोळ लॉट जाऊ द्या, हात गरम होतात, बंब सहावा-सातवा.

बिघडतं कुठे? व्यापारी आपसात ठरवून येतात. एकच बोली लावतो, बाकी गप्प, आणि बाहेर जाऊन वाटणी. हे फोडायला दोन उपाय. एक, पुणे-हैदराबादकडचे दोन-तीन बाहेरचे घेणारे बोलवा. दोन, मोठ्या पाच लॉटना तोंडी बोलीऐवजी बंद पाकीट ठेवा; पाकिटात कोण काय लिहील याची खात्री आपसातही नसते. पैसे मिळाल्याशिवाय माल उंबऱ्याबाहेर नाही, उधारी नाही, "गाडी उद्या आणतो" नाही.

धोटे-कांड्या एकत्र लॉट करू नका. ज्यावर मिलच्या नावाचा ठसा असेल, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, कुठलीही, तो धोटा एकटा ठेवा. बाकीचे दहा-दहाच्या जुडीत. लाकडाला पॉलिश नको.

कौलारू

फार उपयोगी, मालक. दाराचं राहिलं. ठेकेदार चौकट फोडून काढायची म्हणतोय, लाकूड घनफुटावर धरणार. आणि ऑनलाइन टाकावं का काही?

तांब्यापितळ

फोडलेलं दार म्हणजे नुसतं सागवान. चौकट अख्खी निघाली तरच ती दार म्हणून विकली जाते. आधी कवाडं उचलून काढा, मग चौकटीच्या बाजूचा चुना-विटा छिन्नीनं मोकळा करा. कर्णावर तिरकी पट्टी ठोकून कोन बांधा, म्हणजे उतरवताना सांधे उघडणार नाहीत. प्रत्येक भागावर मागच्या बाजूला खडूनं क्रमांक. सुताराची एक दिवसाची मजुरी जाईल, जाऊ द्या. भोकांतून ताजी पिवळी भुकटी गळत असेल तर किडा जिवंत आहे, ते घेणाऱ्याला सांगा. भोकं जुनी, काळवंडलेली असतील तर चालतं.

ऑनलाइन फक्त घड्याळ आणि समया टाका, बंब नको, पाठवण्यात चेपतो. आगाऊ रक्कम "पाठवतो" म्हणून क्यूआर स्कॅन करायला सांगणारा भेटेलच. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही. जुन्या नाण्यांचे लाख देतो, आधी कमिशन भरा म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच इशारा दिलाय.

बोलीवाला

लिलाव ठेवलात तर मंगळवार सोडून ठेवा, त्या दिवशी बाजारामुळे पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि वजनकाटा ओसरीवर सगळ्यांसमोर ठेवा.