विषय: ब्लॉकखालची भाटी

प्रेषक: सुनेत्रा (पुंगोल)
शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

सिंगापूरच्या आपल्या मंडळाच्या या मेल-यादीवर वर्गणी आणि नाटकाच्या तिकिटांमध्ये हा मेल जरा विचित्र वाटेल, पण दुसरीकडे कुठे विचारावं कळेना.

आमच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, एक भाटी (मांजरी) आहे. काळी-तांबडी, शेपूट आखूड आणि टोकाला गाठ. सासूबाई सांगलीहून आल्यापासून तिला सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी मिळते. आता तिच्यामागे दोन बोके येतात, रात्री दोनला त्यांचं गाणं सुरू होतं. सायकल स्टँडच्या मागे मागच्या वेताची तीन पिल्लं आहेत आणि आईंची खात्री आहे की ती परत गाभण आहे. लिफ्टपाशी कुणीतरी 'मांजरांना खाऊ घालू नये' अशी चिठ्ठी लावली आहे. परिसराची देखभाल करणाऱ्या टाउन कौन्सिलकडे तक्रार गेल्याचंही ऐकलं.

तक्रार गेली तर पुढे काय होतं? उचलून नेतात का? आणि आईंना 'घालू नका' म्हणून सांगायचं कुणी?

प्रेषक: श्रीकांत (बुकित तिमाह)
रविवार, सकाळी ७:०५

सुनेत्रा, ही यादी मंडळाच्या कामांसाठी आहे, एवढं नम्रपणे सुचवतो. बाकी उपाय सोपा आहे. खायला घालणं बंद करा, आठवड्यात जातील निघून. आमच्या काँडोत (खासगी सोसायटीत) तेच केलं.

प्रेषक: मेधा (बेडोक)
रविवार, दुपारी १२:४०

सुनेत्रा, सगळ्यात आधी तिचा डावा कान बघ. टोक सरळ कापलेलं असेल तर तिची नसबंदी झालेली आहे. भूल दिलेली असतानाच ते टोक काढतात, म्हणजे लांबूनही कळतं आणि तिला पुन्हा कुणी पकडून नेत नाही. तू सांगतेस त्यावरून कान अख्खाच असणार. शेपटीच्या गाठीची काळजी नको. या भागातल्या मांजरांत ती जन्मजात असते, कुणी मोडलेली नसते.

श्रीकांतकाका, तुमच्या काँडोतून निघून गेली ती शेजारच्या ब्लॉकखाली गेली. उपाशी मांजर काही विणं सोडत नाही, कचराकुंडीवर जगतं आणि विते. पण तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे आणि ते खाऊ घालणाऱ्यांना आवडत नाही: शस्त्रक्रिया न करता नुसतं खाऊ घालत राहिलं की मांजरं वाढतात. जो रोज वाडगं भरतो त्याच्याच अंगणात सहा महिन्यांनी कुईकुई सुरू होते. मला दोन्हीकडून शिव्या मिळतात, सवय झाली आहे.

हिशेब असा आहे. भाटी साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. थंड देशात हिवाळ्यात माज थांबतो, कारण तो दिवसाच्या लांबीवर चालतो. इथे विषुववृत्ताजवळ बाराही महिने दिवस बारा तासांचा, त्यामुळे सुट्टीच नाही. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते, आणि तीच पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांची पाळी. मात्र 'एका जोडीपासून लाखो मांजरं' असले तक्ते फिरतात, ते कृपा करून पुढे पाठवू नका. त्यात एकही पिल्लू मरत नाही. खरं तर रस्त्यावरची बहुतेक पिल्लं वर्षही काढत नाहीत. सर्दीने डोळे चिकटतात, नाल्यात वाहून जातात, गाडीखाली येतात. नसबंदी करायची ती मला तरी या कारणासाठी जास्त पटते.

आता तक्रारीचं. इथल्या सरकारने दोन्ही गोष्टी करून पाहिल्या आहेत. १९९८ मध्ये भटक्या मांजरांच्या नसबंदीची योजना आली. २००३ मध्ये सार्सच्या साथीच्या धास्तीत ती बंद झाली आणि मांजरं उचलून मारली गेली. २०११ मध्ये नसबंदी परत आली. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरात मांजर पाळायला तर १९८९ पासून बंदीच होती. २०१२ मध्ये चोंग पांग या वस्तीत प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या बेटावर बंदी उठली. एका फ्लॅटमध्ये जास्तीत जास्त २, मायक्रोचिप आणि परवाना सक्तीचा. आधीपासून पाळलेल्यांना मुदत ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत. या यादीवर ज्यांच्याकडे इतकी वर्षं 'पाहुणी' म्हणून मांजर राहते आहे त्यांनी हे नीट वाचावं. नावं घेत नाही.

बंदी उठली त्याच दिवसापासून रस्त्यावरच्या मांजरांसाठी नवी योजना आहे: पकडा, नसबंदी करा, माणसाळलेलं असेल तर घर शोधा, नसेल तर त्याच जागी सोडा आणि पुढे लक्ष ठेवा. नॅशनल पार्क्स बोर्डाच्या पशुवैद्यकीय विभागाकडे ती आहे. तेव्हा घाबरून जाऊ नकोस. तक्रार आली की आज पहिला प्रश्न 'हिची नसबंदी झाली आहे का' हाच असतो. १९९९ पासून काम करणारी कॅट वेल्फेअर सोसायटी आहे, त्यांचे स्वयंसेवक तक्रारदाराशी बोलायलाही येतात.

'एक मांजर काढलं की दुसरं येतं' हे वाक्य आमच्यातले, म्हणजे मांजरांचं काम करणारे, लोक मंत्रासारखं म्हणतात. मी ते जपून वापरते. येतं तेव्हा बहुतेकदा कुणीतरी आणून सोडलेलं असतं. तीनातल्या एकीचं ऑपरेशन करून थांबलात तर वर्षभराने तिथेच असाल. एका ब्लॉकखालच्या सगळ्या, निदान जवळजवळ सगळ्या, थोड्या दिवसांत झाल्या पाहिजेत आणि नवीन सोडणं थांबलं पाहिजे. पाळीव प्राणी सोडून देणं हा इथे गुन्हा आहे. १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घर बदलताना, भारतात परत जाताना लोक सोडतात. आपलेही सोडतात.

तू आता एवढंच कर. रात्री दहानंतर खाली जाऊन बस. तुमच्या आधीपासून तिथे कुणीतरी खाऊ घालत असणारच. बहुतेक एखादी मकचिक (मलय मावशी), नाहीतर ट्रॉली घेऊन फिरणारे अंकल. त्यांना प्रत्येक मांजराची वंशावळ पाठ असते. त्यांना न विचारता पिंजरा लावलास तर ते रात्री येऊन उघडून ठेवतील, आणि त्यांच्या जागी मीही तेच करीन.

आणि दूध बंद. मोठ्या मांजराला ते पचत नाही, जुलाब होतात आणि ते कुणाच्या तरी चपलांच्या रॅकपाशी सापडतात. निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात.

प्रेषक: सुनेत्रा (पुंगोल)
रविवार, रात्री ९:२२

डावा कान अख्खा आहे. खालचा मजकूर आईंचा, मी फक्त टाइप करते आहे.

'मेधा, मी सुनेत्राची सासू. तू दूध बंद म्हणालीस ते पटलं नाही, पण जुलाबाचं मी पाहिलं आहे, म्हणून बंद केलं. दुसरं विचारते. आम्ही लहानपणापासून ऐकलं की मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. मग मुक्या जनावराला आईच होऊ द्यायचं नाही, हे कुठल्या खात्यात बसतं?

आमच्या वाड्यात उंदरांसाठी मांजर असायचंच. वर्षाकाठी दोन-तीन वेतं. बोके शेजारी मागून न्यायचे. उरलेली पिल्लं सासरे पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे. त्या दिवशी भाटी घरभर ओरडत फिरायची आणि सगळे जण तिला दूध घालायचे. त्याला पाप कुणी म्हटलं नाही, कारण मारलं नव्हतं. त्या पिल्लांचं पुढे काय झालं हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. आज तुझं पत्र ऐकताना ते आठवलं. तर ऑपरेशनला माझी ना नाही. पण हिच्या पोटात असतील तर मला विचारल्याशिवाय काही करू नका.'

प्रेषक: मेधा (बेडोक)
रविवार, रात्री १०:१५

काकू, नमस्कार. खोटं सांगत नाही. गाभण असताना ऑपरेशन झालं तर ती पिल्लं राहत नाहीत. पुष्कळ ठिकाणी डॉक्टर तरीही करतात, कारण जन्मलेल्यांनाच घरं मिळत नाहीत. तुम्हाला विचारलं जाईल. पण आधी डॉक्टरांना पोट बघू दे. पिणारी पिल्लं असलेल्या भाटीचं पोट जंतांमुळेही गोल दिसतं. दिवस भरत आले असतील तर कुणाच्या तरी घरी तिचं बाळंतपण करावं लागेल, आणि मग पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत सांभाळणारं माणूसही लागेल. हे 'कुणीतरी' अजून सापडलेलं नाही.

प्रेषक: वर्षा (सध्या मुलुंड)
सोमवार, सकाळी ८:३०

परत येऊन दोन वर्षं झाली तरी यादीतून नाव काढलेलं नाही, त्याचा हा फायदा. मुंबईतही पालिकेने २०१९ पासून मांजरांची नसबंदी संस्थांमार्फत सुरू केली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तर खाऊ घालायची जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीवरच टाकली आहे. जिन्यापासून, दारापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. आमच्या सोसायटीत दोन सर्वसाधारण सभा याच मुद्द्यावर गाजल्या. पार्किंगपेक्षा जास्त भांडण मांजरावरून होऊ शकतं हे मला तिथे कळलं. शेवटी जनरेटरच्या खोलीमागे जागा ठरली. वेळ पाळली जाते, वाडगी उचलली जातात, आणि विरोध करणारे शांत नसले तरी थकले आहेत.

प्रेषक: ओंकार (क्लेमेंटी)
सोमवार, दुपारी १:१८

हाय सगळ्यांना. मी भाड्याच्या खोलीत राहतो, मालक परवानगी देणार नाहीत, त्यामुळे पाळता येणार नाही. पण रात्री जागा असतो आणि पिंजरा उचलू शकतो. पिल्लं किती मोठी आहेत? माझ्या वाचनानुसार दोन ते सात आठवड्यांत माणसाची सवय लागली तर लागते, नंतर अवघड होत जातं. म्हणजे पिल्लांना घर हवं असेल तर हाच आठवडा.

अजून एक, कुणाकडे तात्पुरती ठेवली तर: कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, पॅरासिटामॉल तर अजिबात नको. एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. आणि पूजेच्या फुलांत लिली असेल तर ती मांजराच्या घरात नकोच. नुसते परागकण अंगाला लागून चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

प्रेषक: श्रीकांत (बुकित तिमाह)
सोमवार, संध्याकाळी ६:५०

तीन मुद्दे. एक, यासाठी मंडळाच्या खात्यातून एक डॉलरही जाणार नाही. घटनेत बसत नाही आणि लेखापरीक्षक मलाच विचारतात. दोन, साळुंक्या, सरडे, बुलबुलाची पिल्लं यांच्या बाजूने इथे कुणी बोललेलं नाही. कान कापलेलं मांजरही शिकार करतं. तीन, विषयाच्या सुरुवातीला 'मांजर' असं लिहा, म्हणजे मला फिल्टर लावता येईल.

प्रेषक: मेधा (बेडोक)
सोमवार, रात्री १०:०५
विषय: मांजर – ब्लॉकखालची भाटी

काका, पैसे मंडळाकडे मागायचेच नाहीत. ते खातं वर्गणीचं आहे. योजनेतून झालं तर उत्तम, नाहीतर आम्ही चौघी-पाच जणी आपापसात बघू. पक्ष्यांबद्दल तुमचं खरं आहे आणि आमच्यातले लोक ते टाळतात. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. म्हणून तर ज्यांना घर मिळू शकतं ती घरात जावीत आणि खिडक्यांना जाळी लावून घरातच राहावीत. बाकीच्यांची संख्या उतरत जाण्याखेरीज माझ्याकडे उत्तर नाही.

सुनेत्राला ट्रॉलीवाले अंकल भेटले. एका बोक्याची नसबंदी त्यांनी आधीच करून आणलेली आहे, अंधारात कान दिसला नव्हता. म्हणजे उरली भाटी, दुसरा बोका आणि तीन पिल्लं.

गुरुवारी पकडायचं. बुधवारी रात्रीचं खाणं कुणीही घालायचं नाही. काकू, तुम्हीसुद्धा. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्यात शिरत नाही आणि भूल द्यायलाही पोट रिकामं लागतं. अंकल बाकीच्या ब्लॉकना सांगतील. आमिषाला डब्यातले सार्डिन, पिंजऱ्याच्या अगदी मागच्या टोकाला. दार पडलं की लगेच वरून चादर टाकायची. अंधार झाला की ती धडका मारायची थांबते. पिल्लं त्याच वेळी उचलायची, आईबरोबर एकाच गाडीतून. ओंकार, साडेदहाला ये, हातमोजे जाड आण. बोका दुसऱ्या दिवशी परत सुटेल, भाटीला दोन-तीन दिवस ठेवावं लागेल.

अजून हवं आहे: जुन्या चादरी (साड्या नकोत, नखं अडकतात), वर्तमानपत्रांची रद्दी, आणि तीन पिल्लांना तीन आठवड्यांसाठी एक न्हाणीघर. माझ्याकडे सध्या दोन आहेत, म्हणजे परवान्याची मर्यादा संपली. ज्यांच्याकडे 'पाहुणी' आहे त्यांनी या वेळी पुढे यायला हरकत नाही. उत्तर मलाच पाठवा, सगळ्या यादीला नको. काकांचा फिल्टर अजून लागलेला नसेल.