मुलींना गाडीची दुरुस्ती शिकवायची आहे. सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न : घोडबंदर रस्ता, ठाणे

नमस्कार. मला दोन मुली आहेत. थोरली १६ वर्षांची, धाकटी १२. गेल्या जुलैत वसईहून परतताना गायमुखच्या घाटात आमच्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले. पाऊस कोसळत होता. थोरली छत्री घेऊन माझ्यामागे आली आणि ‘बाबा, मी काय धरू?’ असे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी ‘तू आत बस, भिजशील’ एवढेच म्हणालो. स्टेपनी लागली, पण घर येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. तिच्या जागी मुलगा असता तर मी न विचारता त्याच्या हातात पाना दिला असता, हे त्या रात्री मला उमगले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही.

गाडी पेट्रोलची, ९ वर्षे जुनी आहे. स्टेपनी बदलणे, ऑइल आणि कूलंट पाहणे यापलीकडे मला स्वतःलाही फारसे येत नाही. वाटेत गाडी बंद पडली तर मुलींनी न घाबरता बॉनेट उघडावे, एवढा विश्वास त्यांच्यात यावा अशी माझी इच्छा आहे. कोणत्या कामापासून सुरुवात करावी, आणि कोणत्या कामांना त्यांना हात लावू देऊ नये?

उत्तर : नेरूळ

माझे वडील तुर्भ्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये फिटर होते आणि आम्हा तिघी बहिणींना त्यांनीच शिकवले. शिकवताना ते स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहत. मी १३ वर्षांची असताना चाकाचा पहिला नट सोडवायला बसले, तेव्हा दंडाच्या जोराने पाना ओढून माझे तळवे लाल झाले, तरी नट हलेना. ते पुढे झाले नाहीत. ‘हाताने होत नाही, तर तुझ्याकडे आणखी काय आहे?’ एवढेच त्यांनी विचारले. शेवटी मी पाना नटावर डाव्या बाजूला आडवा बसवला, गाडीला धरून त्याच्या टोकावर पाय ठेवला आणि अंगाचा भार टाकला. ‘कट्’ असा आवाज आला आणि मी दचकले, कारण मला वाटले की काहीतरी तुटले. वडील म्हणाले, ‘तुटलं नाही, सुटलं.’

म्हणून माझे सांगणे असे, की स्टेपनीपासूनच सुरुवात करा, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोरड्या आणि सपाट जागी, हाताशी भरपूर वेळ असताना. टायरच्या दुकानात नट बहुधा हवेच्या गनने आवळलेले असतात. ते एकदा सोडवून हाताच्या पान्याने नीट आवळून ठेवले, तर पुढे रस्त्यावर मुलींना ते उघडता येतील. तुम्ही हात मागे ठेवा. हे तुम्हालाच सर्वांत जड जाईल.

उत्तर : कळवा

मी २२ वर्षे गॅरेज चालवतो, त्यामुळे सुरक्षिततेविषयी लिहितो. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि बदलायच्या चाकाच्या तिरप्या दिशेला पलीकडे असलेल्या चाकाला वीट लावावी. नट अर्धा फेरा ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच; जॅकवर उचललेल्या गाडीला झटके देऊ नयेत. जॅक गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखालच्या खाचेतच लावावा आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्यावर टेकेल. एवढे करूनही फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, हा नियम बापालाही लागू आहे. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू देऊ नका. आत दाब असल्याने कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सुटताच ते उसळून तोंडावर येते. उद्या घरी हायब्रिड किंवा विजेवरची गाडी आली, तर नारिंगी रंगाच्या केबलला कोणीही हात लावायचा नाही.

उत्तर : कोपरखैरणे

धाकटीला नट जड जातील, तेव्हा तिच्या हातात व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर द्या. माझी मुलगी त्याच वयात त्यावर शिकली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. तो चढलाच नाही, तर दोष चार्जिंगमध्ये शोधावा लागतो आणि नुसती बॅटरी बदलून भागत नाही. टर्मिनल साफ करताना ऋण टोक आधी काढायचे आणि शेवटी जोडायचे, एवढे मात्र पाठ करून घ्या.

प्रश्नकर्ता : घोडबंदर रस्ता, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी आम्ही तिघे पार्किंगमध्ये उतरलो. पाचव्या नटापर्यंत मी हात मागे ठेवू शकलो नाही; दोनदा पुढे झालो आणि दोन्ही वेळा थोरलीने मला ‘बाबा, मागे व्हा’ असे सांगितले. संपूर्ण चाक बदलायला तिला ५० मिनिटे लागली. धाकटीने १२.३ आणि १४.१ हे आकडे दिनदर्शिकेवर लिहून ठेवले असून पहिला आकडा कमी का, हे ती मला रोज विचारते आहे. कळव्याच्या दादांना विनंती, की याचे उत्तर द्यावे. मी तिला सांगितले आहे की आपण विचारून पाहू.