नाशिकमध्ये इंटर्नशिप केली असेल तर अनुभव लिहा

माझा भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात कुठेतरी काम शिकायचंय म्हणतो. कॉलेजने यादी दिलीय, पण त्यात नुसती कंपन्यांची नावं. आत गेल्यावर मुलांना काय करायला मिळतं, ते कोणी सांगत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून निफाड-दिंडोरीच्या बागांपर्यंत आपल्याकडे शिकण्यासारखं किती आहे! कुठल्याही शाखेचे असाल तरी लिहा. पहिल्या दिवशी काय काम दिलं, चुकलं कुठे, पैसे मिळाले का, सगळं.

मेकॅनिकल, अंबड

सहा आठवडे एका छोट्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) शॉपमध्ये होतो. चार मशिनं, बारा माणसं. पहिला आठवडा फक्त बर (कापल्यावर कडेला राहिलेले धातूचे कंगोरे) काढणं आणि मोजणं. मग एक दिवस ऑपरेटर काका जेवायला गेले आणि मशीन माझ्याकडे आलं. ॲल्युमिनियमचा 50 मिमी व्यासाचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग. मशिनवरून काढला की लगेच मायक्रोमीटर लावायचो. माप जरा जास्त येत होतं, म्हणून मी ऑफसेट (मशिनमधलं मापाचं सेटिंग) कमी केला. काका परत आले, तोवर पहिले जॉब गार झाले होते. मोजले तर अंडरसाइज! नऊ जॉब भंगारात गेले.

ॲल्युमिनियम वीस अंशांनी जास्त गरम असेल तर 50 मिमीला साधारण 0.02 मिमी फुगतं. हे सूत्र मला पाठ होतं, परीक्षेत गणितही सोडवलं होतं. काका फक्त एवढंच म्हणाले, "आधी गार होऊ दे रे बाळा." मालकांनी पैसे कापले नाहीत. महिन्याला पाच हजार मिळाले. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

बीएस्सी ॲग्री, निफाड तालुका

आम्हाला शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे शेतीकामाच्या प्रत्यक्ष अनुभवासाठी, गावात राहावं लागतं. मुलगे कृषीदूत, आम्ही कृषीकन्या. मी गेले तेव्हा नेमकी ऑक्टोबर छाटणी झालेली. ज्यांच्या बागेत होते, त्या मावशींनी द्राक्षवेलींची फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढायला उभं केलं. मांडवाखाली दिवसभर मान वर. फुटव्यावर घड कुठला आणि बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) कुठली, हे मला दोन दिवस कळेना. मावशी न थांबता पुढे सरकायच्या. त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं आणि काही घड जिरून त्यांच्या बाळ्या झाल्या. पुस्तकात ही एक ओळ होती. इथे मावशी रात्री जेवल्या नाहीत. पान उलटं करून डाऊनी रोगाची पांढरी बुरशी बघायची सवय तेव्हा लागली, ती अजून आहे.

बीकॉम

मी आधी फसले. एका ऑनलाइन संस्थेला अडीच हजार भरले. दोन महिन्यांत चार व्हिडिओ आणि एक सर्टिफिकेट. मुलाखतीत विचारलं, "तिथे केलंत काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कळकळीने सांगते, काम शिकवायचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. नंतर कॉलेज रोडला एका सीएंच्या ऑफिसात बसले, खरेदीची बिलं जीएसटीच्या 2बीशी (विकणाऱ्यांनी नोंदवलेल्या बिलांच्या यादीशी) जुळवायला. कंटाळवाणं काम, पण बिल नंबरमधला एक शून्य चुकला तर व्यापाऱ्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कसं अडकतं, ते तिथेच समजलं.

मायक्रोबायोलॉजी

मी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत होतो. जानेवारी ते मार्च हंगाम, म्हणून अर्ज नोव्हेंबरातच करा. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टाकीचं तापमान आणि ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) लिहायचं. आंबताना कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे टाकीत डोकावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

धागाकर्ती

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. अंबडवाले दादा, तशा शॉपमध्ये ओळखीशिवाय घेतात का?

मेकॅनिकल, अंबड

घेतात, ताई. मी बायोडेटा घेऊन गेटवर फिरलो, सातव्या ठिकाणी हो म्हणाले. शनिवारी पाठवू नका, आमच्या लाइनीत शनिवारी सुट्टी असते. आणि बूट घालून जा म्हणावं, चपलेवर मशिनजवळ सोडत नाहीत.