मॅटप्लॉटलिब शिकताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

आमच्या तालुक्यातील पर्जन्यमापकाच्या 10 वर्षांच्या मासिक नोंदी माझ्याकडे सीएसव्ही फाइलमध्ये आहेत आणि त्यांचे आलेख मॅटप्लॉटलिब ही पायथनची आलेख काढण्याची लायब्ररी वापरून काढायचे आहेत. पायथनची जुजबी ओळख आहे. मात्र एका धड्यात सगळे काम थेट 'पीएलटी'वरून (लायब्ररीच्या पायप्लॉट या भागाचे लघुनाव) चालते, तर दुसऱ्यात आधी 'फिग' (पूर्ण आकृती) आणि 'एएक्स' (तिच्यातील आलेखाची चौकट) तयार करतात. यांपैकी कोणती पद्धत शिकावी? शिवाय पडद्यावर नीट दिसणारा आलेख साठवला की कोरा निघतो आणि महिन्यांची नावे मराठीत लिहिली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

उत्तर 1

'फिग' आणि 'एएक्स'चीच पद्धत शिकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जॉन हंटर यांनी 2003 च्या सुमारास ही लायब्ररी प्रसिद्ध केली, तेव्हा मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना ती परकी वाटू नये म्हणून 'पीएलटी'च्या आज्ञा तशाच ठेवल्या. त्या आज्ञा 'सध्याची आकृती' कोणती हे पडद्याआड लक्षात ठेवतात. तुमचा कोरा आलेख त्यातूनच निघतो: 'शो'ने आलेख पडद्यावर दाखवल्यावर खिडकी बंद झाली की ती आकृती संपते आणि त्यानंतरचे 'सेव्हफिग' (साठवण्याची आज्ञा) नवी, रिकामी आकृती साठवते. 'सबप्लॉट्स' या आज्ञेने 'फिग' ही आकृती नावानिशी हाती घेऊन तिच्यावरच 'सेव्हफिग' केले, तर हा घोटाळा होत नाही.

उत्तर 2

चौकोनांचे कारण असे की मूळ फाँट डेजाव्हू सान्समध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. नोटो सान्स देवनागरी निवडल्यावर चौकोन जातात, पण माझ्याकडील आवृत्तीत जोडाक्षरे तरीही जुळत नाहीत: 'सप्टेंबर'मधला हलन्त सुटा दिसतो आणि 'मिलिमीटर'मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. यावर मी दोन उपाय वापरतो. संकेतस्थळासाठी 'एसव्हीजी.फाँटटाइप' ही सेटिंग 'नन' ठेवून आलेख एसव्हीजी या ब्राउझरला वाचता येणाऱ्या चित्रप्रकारात साठवावा, म्हणजे मजकूर मजकूरच राहतो आणि अक्षरजुळणी ब्राउझर करतो. मात्र पाहणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट असावा लागतो. छापील अहवालासाठी मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड (आलेख लाटेक्सकडे सोपवणारा भाग) आणि झीलाटेक्स हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर वापरून पीडीएफ काढावे. त्याला वेळ लागतो, पण एकही अक्षर तुटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आकृती नावाने साठवताच कोरेपणा गेला. एसव्हीजीमध्ये 'सप्टेंबर' अखंड उमटला आहे. अहवाल छापायचा असल्याने आता झीलाटेक्स बसवून घेतो.