जखमेचं फॉलोअप व्हिडिओवर करणारे सर्जन आहेत का? (कऱ्हाड/सातारा)

मदत हवी आहे. आम्ही पाटणच्या वर, कोयना खोऱ्यात राहतो. वडिलांना शुगर आहे, तळपायाची जखम भरत नाहीये. ड्रेसिंग गावातल्या सिस्टर करतात, पण दाखवायला दरवेळी कऱ्हाड, तेही त्या पायाने एसटीतून. सर्जन व्हिडिओ कॉलला तयार नाहीत. म्हणतात, फोटोत खोली कळत नाही, वास येत नाही, पायाची नाडी बघता येत नाही. पटतं हो. पण २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत व्हिडिओवर सल्ल्याला परवानगी आहे ना?

ग्रुपमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगावं, एकदा तपासलेल्या पेशंटचं फॉलोअप तरी कराल का? फोटो कसा पाठवू, शेजारी मोजपट्टी ठेवून? ताप आला, काळं पडलं तर थेट नेणारच आहोत.