करारात नाव घालायला तयार आहे का, ते विचारा

रूममेट कशी निवडावी या चर्चेत कुणी म्हटलंय की जेवणखाण, झोपायच्या वेळा, पाहुणे हे आधीच बोलून घ्यावं; तो मुद्दा मान्य. पण 'दोन-तीनदा चहाला भेटलं की माणूस कळतो' असंही तिथे म्हटलंय, ते काही पटलं नाही. चहावर सगळेच गुणी असतात! मी पुण्यात रूममेट शोधताना एक प्रश्न हमखास विचारते: लीव्ह अँड लायसन्स करारात (म्हणजे घरमालकाशी होणाऱ्या भाडेकरारात) नाव घालायचं ना? 'कशाला, मी तुला दर महिन्याला जीपे करेन की' म्हणणारीला तिथूनच नमस्कार. करारावर माझं एकटीचं नाव असेल, तर मालकाच्या लेखी भाडं, डिपॉझिट, मोडतोड सगळं माझ्याच गळ्यात.

आणि ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं त्याच चर्चेत जे कुणी लिहिलंय, ते महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा लागतो, त्यामुळे खोटं नाव सांगणारी तिथेच अडकते. मधेच कुणी सोडून गेली तर नव्या कराराचा खर्च कोण देणार, तेही आधीच ठरवून घ्या.